गावाच्या पाण्याचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये कसा तयार करावा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला अशा अवर्षणग्रस्त तालुक्यांतील गावांत पाण्याविषयीची माहिती कमी नसते. कोणती विहीर कधी आटते, कोणत्या वाडीला आधी टँकर लागतो आणि कोणता बांध गाळाने भरला आहे, हे गावातल्या जाणत्या माणसाला तोंडपाठ असते. ही माहिती एका कागदावर, एका मापात आणि एकमेकांशी ताडून पाहता येईल अशा रूपात मात्र जवळजवळ कोणत्याच ग्रामपंचायतीकडे नसते. ठिकाण आणि त्याविषयीची माहिती एकाच नकाशावर जोडणारी भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यातले जीआयएस, इथे कामाला येते. जलसंधारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून मी हे तंत्र शिकलो. शिकताना जिथे जिथे अडखळायला होते त्या जागा इतरांना आधीच ठाऊक असाव्यात, यासाठी हा लेख आहे.

पुढील सर्व कृती क्यूजीआयएस या मोफत व मुक्त स्रोत प्रणालीत करता येतात. संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. फाइल जतन करणे, स्प्रेडशीट भरणे आणि मोबाइलवर ठिकाण पाहणे एवढे येत असले तरी पुरे.

१. प्रणाली उघडण्यापूर्वी प्रश्न लिहून काढा

"गावाचा जीआयएस करायचा आहे" हा प्रश्न नव्हे. असे काम महिनोन्महिने चालते, संगणकात थरांवर थर (एकेका प्रकारच्या माहितीचे वेगळे नकाशे) चढतात आणि शेवटी ग्रामसभेत दाखवण्याजोगे काहीच हाती लागत नाही. प्रश्न असा असावा: मे महिन्यात कोणत्या वाड्यांना पिण्याचे पाणी किती अंतरावरून आणावे लागते, आणि त्या वाड्यांच्या वरच्या अंगाला पाणी अडवण्यास जागा आहे का? हा प्रश्न एकदा वहीत लिहिला की कोणती माहिती गोळा करायची हे आपोआप ठरते. वाड्या, पिण्याच्या पाण्याचे स्रोत, पायवाटा, ओढे, जमिनीचा चढउतार आणि आधी झालेली बांधबंदिस्ती एवढेच थर लागतील. मातीचा प्रकार, पीकपद्धती, घरांची संख्या यांचा मोह पहिल्या फेरीत आवरावा.

२. साधने आणि कागदपत्रे

संगणकासाठी ८ जीबी मेमरी असलेला साधा लॅपटॉप चालतो. क्यूजीआयएसची 'लाँग टर्म रिलीज' म्हणून दिलेली आवृत्तीच उतरवावी. नवीनतम आवृत्तीत नव्या सोयी असतात खऱ्या, पण प्लगइन (वरून जोडायच्या छोट्या प्रणाली) मोडण्याची शक्यताही अधिक असते. याशिवाय पुढील गोष्टी जमवाव्यात:

– गाव नकाशा. महाभूनकाशा या शासकीय संकेतस्थळावर गटवार नकाशा पाहता येतो. पूर्ण गावाची प्रत तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवावी.
– भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा, ज्याला सगळे टोपोशीट म्हणतात. त्याची 'ओपन सीरिज' मालिका सर्वसामान्यांसाठी खुली आहे.
– उंचीचा अंकीय नमुना, म्हणजे डीईएम. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' अंतराळयानावरून घेतलेल्या रडार मोजणीतून तयार झालेला एसआरटीएम हा नमुना ३० मीटर विभेदनात, म्हणजे ३० मीटर बाजूच्या चौकोनांत, मोफत मिळतो. कोपर्निकस या युरोपीय पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाचा ३० मीटरचा नमुना त्यानंतरचा असून माझ्या मते आपल्या डोंगराळ भागात अधिक नीट बसतो.
– सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा, ज्यासाठी कोपर्निकसच्या संकेतस्थळावर मोफत खाते उघडावे लागते.
– मोबाइलवर क्यूफील्ड हे ॲप. शिवारात नेटवर्क नसले तरी ते चालते.
– ३० मीटर लांबीची मोजपट्टी, तिला बांधायला वजन, वही आणि पेन्सिल.

ग्रामपंचायतीला एक साधे पत्र आधीच देऊन ठेवावे. अनोळखी माणूस मोबाइल घेऊन विहिरींचे फोटो काढतो आहे, ही बातमी गावात तुमच्या आधी पोहोचते.

३. प्रक्षेपण आधी ठरवा

प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची रीत. नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथेच होते, म्हणून हा भाग थोडा सावकाश वाचावा.

मोबाइल जी स्थाननोंद देतो ती अक्षांश-रेखांशात, म्हणजे अंशांमध्ये असते. प्रणालीत तिचा क्रमांक ईपीएसजी ४३२६. ठिकाण दाखवायला ती उत्तम, पण अंतर व क्षेत्रफळ मोजायला निरुपयोगी, कारण अंश हे लांबीचे एकक नाही. विहिरीभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढायला सांगून थर अंशांतच ठेवला, तर प्रणाली ५०० अंशांचे वर्तुळ काढते आणि पडद्यावर सगळी पृथ्वी झाकून जाते. ही चूक निदान दिसते तरी. क्षेत्रफळ अंशांत काढून ते हेक्टर समजून अहवालात लिहिले, तर ती चूक दिसतही नाही.

म्हणून मोजमापाचे सर्व थर मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणात आणावेत. महाराष्ट्र दोन यूटीएम पट्ट्यांत विभागलेला आहे, कारण ७८ अंश पूर्व रेखांश ही त्यांची सीमा विदर्भातून जाते. त्या रेषेच्या पश्चिमेस पट्टा ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. पूर्वेस पट्टा ४४ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४४. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, जवळजवळ सगळा मराठवाडा आणि गोवा पहिल्या पट्ट्यात येतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली दुसऱ्यात. पुण्यातल्या प्रशिक्षणात शिकून गेलेले कार्यकर्ते चंद्रपुरातही सवयीने ३२६४३ निवडतात. असे करू नये.

अंशांचे लिखाण हा आणखी एक सापळा आहे. १८ अंश ३० मिनिटे म्हणजे १८.३० नव्हे, तर १८.५०, कारण एका अंशात ६० मिनिटे असतात. एवढ्याशा घोटाळ्याने विहीर सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला सरकते, म्हणजे बहुधा दुसऱ्या तालुक्यात जाते. ॲपमध्ये 'दशांश अंश' हा पर्याय निवडून ठेवला म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. दशांशानंतर पाच अंक नोंदवावेत, कारण पाचव्या अंकाची किंमत सुमारे १ मीटर आहे. तीनच अंक लिहिले तर ठिकाण शंभरेक मीटरच्या मापात गोल होते, आणि मग विहीर ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे हे सांगता येत नाही.

४. गाव नकाशा जागेवर बसवा

भूमी अभिलेखाचा नकाशा हा संगणकाच्या दृष्टीने नुसता फोटो असतो. त्याला पृथ्वीवरचे स्थान नसते. क्यूजीआयएसमधील जिओरेफरन्सर वापरून त्याला स्थान द्यावे लागते. नकाशावरचा एक बिंदू आणि उपग्रह प्रतिमेवरचा तोच बिंदू अशा जोड्या लावत जायचे. जोड्या चारही कोपऱ्यांत व मध्यभागी विखुरलेल्या असाव्यात. एकाच बाजूला दाटी केली तर दुसरी बाजू वाकडी होते. बिंदू निवडताना टिकाऊ खुणा घ्याव्यात, उदाहरणार्थ तिन्ही शिवांचा दगड, जुन्या पांदीचा तिठा, जुने देऊळ किंवा ओढ्यांचा संगम. नवा डांबरी रस्ता घेऊ नये, कारण गाव नकाशा त्याच्या आधीचा असतो.

जुन्या टोपोशीटची स्कॅन प्रत वापरत असाल तर तिच्या समासातील मजकूर वाचा. जुनी टोपोशीट पृथ्वीच्या आकाराच्या 'एव्हरेस्ट' या जुन्या मापावर आधारलेली आहेत, तर मोबाइल डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर चालतो. हा फरक न सांभाळल्यास सगळा नकाशा एका दिशेने सरकलेला दिसतो.

गटांच्या सीमा अशा रीतीने बसवल्यावर एक पथ्य कटाक्षाने पाळावे: तुमच्या पडद्यावरील गटाची रेषा ही सरकारी मोजणी नाही. एखाद्या शेतकऱ्याने "माझा बांध कुठून जातो ते जरा दाखवा" असे म्हटले तरी दाखवू नये. बांधाच्या भांडणात तुमचा नकाशा साक्षीला उभा राहिला, तर पाण्याचे काम तिथेच संपते. सरकारी मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात करता येतो एवढेच सांगावे.

५. शिवारफेरी आणि विहिरींची नोंद

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. बाकीचे सर्व काम बसून होते, हे होत नाही. सोबत गावातली दोन माणसे असावीत, आणि त्यांतली एक तरी पाणी भरणारी बाई असावी. विहिरीचा मालक विहिरीची खोली सांगतो. त्या विहिरीवर मे महिन्यात हंडा भरायला किती वेळ लागतो हे बाई सांगते. पिण्याच्या पाण्याच्या नकाशाला दुसरी माहिती अधिक लागते.

प्रत्येक स्रोतासाठी पुढील रकाने पुरतात: अनुक्रमांक, प्रकार (विहीर, आड, बोअर, हातपंप, झरा), सार्वजनिक की खासगी, वापर, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, पाणीपातळी, तारीख, वेळ आणि फोटो. क्यूफील्डमध्ये हे रकाने निवडसूचीसह आधीच तयार करावेत. मोकळी जागा ठेवली तर एकच माणूस एकदा 'विहीर', एकदा 'विहिर' आणि एकदा 'वि.' लिहितो, आणि पुढे संगणक त्यांना तीन वेगळे प्रकार समजतो.

पाणीपातळी मोजण्याची रीत नीट समजून घ्यावी. वजन बांधलेली पट्टी कठड्यावरून सोडायची, पाण्याला टेकताच ढिली पडते तो आकडा वाचायचा. समजा तो ९.४० मीटर आला आणि कठडा जमिनीपासून ०.८० मीटर उंच आहे, तर नोंदवायची पातळी ८.६० मीटर, कारण भूजलाच्या नोंदी जमिनीच्या पृष्ठापासून धरतात. कठड्याची उंची वजा न केलेल्या नोंदी मी इतक्या वह्यांत पाहिल्या आहेत की आता कोणताही तक्ता हाती आला की आधी तेच विचारतो. कठड्यावरच्या ज्या जागेवरून पट्टी सोडली तिथे रंगाची खूण करावी, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या माणसालाही तिथूनच मोजता येईल.

मोटर चालू असताना किंवा नुकतीच बंद झाली असताना घेतलेली पातळी खोटी असते. शेतीच्या विजेला पाळी असते, त्यामुळे रात्रीची लाईट असलेल्या आठवड्यात सकाळी गेलात तर विहीर उपसून गेलेली दिसेल. मोटर कधी बंद केली हे विचारून ती वेळही नोंदीत लिहावी.

मोबाइलची अचूकता उघड्यावर साधारण ५ मीटरच्या आसपास असते. चिंचेखाली किंवा घळीत ती बिघडते. ॲपमध्ये दिसणारा अचूकतेचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. उंचीसाठी मात्र मोबाइलवर भिस्त ठेवू नये. उपग्रहावरून मिळणारी कच्ची उंची गणिती लंबगोलापासूनची असते, टोपोशीटवरची समुद्रसपाटीपासूनची. आपल्याकडे या दोहोंत पन्नास मीटरहून अधिक फरक पडतो. उंची नेहमी डीईएममधूनच घ्यावी.

बोअरची खोली विचारताना सांभाळून विचारावे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटर व त्याहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत. शेकडो फूट खाली गेलेल्या बोअरचा मालक हा प्रश्न निघताच गप्प होतो, किंवा दोनशे फुटांच्या आतला आकडा सांगून मोकळा होतो. अशा वेळी रकाना रिकामा सोडणे हे चुकीचा आकडा भरण्यापेक्षा बरे.

६. नोंदी संगणकात आणा

वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये घेतलेल्या नोंदी सीएसव्ही स्वरूपात (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) जतन करून 'डिलिमिटेड टेक्स्ट' या पर्यायाने आणाव्यात. एक्सच्या जागी रेखांश व वायच्या जागी अक्षांश द्यावा. उलटे दिले तर गावातल्या विहिरी भारताबाहेर, थेट आर्क्टिकच्या बाजूला जाऊन बसतात. बिंदू कुठेच दिसेनात तर आधी हेच तपासावे.

मराठी अक्षरांचा त्रास ठरलेला आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली नाही तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. ग्रामपंचायतीकडून मिळालेली यादी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते, आणि बदलल्यावर जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात.

थर जतन करताना शेपफाइल या जुन्या फाइलप्रकाराऐवजी जिओपॅकेज हा नवा प्रकार वापरावा. शेपफाइलमध्ये रकान्याचे नाव दहा अक्षरांतच बसवावे लागते (देवनागरीत तर तीनच बसतात), शिवाय ती एक फाइल नसून अनेक फाइलींचा संच असतो. व्हॉट्सॲपवर त्यातली एकच पाठवली की समोरच्याकडे काहीच उघडत नाही.

७. पाणलोट काढा

गावाची महसुली शीव आणि पाण्याची शीव वेगळी असते. एका गावच्या ओढ्याला येणारे पाणी बहुधा शेजारच्या गावाच्या माथ्यावर पडलेले असते, आणि आपल्या माथ्यावरचे तिसऱ्याच गावाला जाते. माझ्या अनुभवात ग्रामसभेतील पाण्याच्या वादांपैकी बरेचसे या दोन शिवा एकच धरल्यामुळे होतात, आणि हा गोंधळ नकाशाइतका दुसऱ्या कशानेही लवकर सुटत नाही.

त्यासाठी डीईएम गावापुरता कापू नये. वरच्या डोंगराची धार पूर्ण आत येईल एवढा मोठा तुकडा घ्यावा आणि तो यूटीएममध्ये बदलावा. मग प्रोसेसिंग टूलबॉक्समधील ग्रास या जोडप्रणालीचे 'आर.वॉटरशेड' हे साधन चालवावे. ते प्रत्येक चौकोनात वरच्या किती चौकोनांचे पाणी येते याचा थर, प्रवाहाच्या दिशेचा थर आणि ओढ्यांचा थर देते. ओढ्यांसाठी किमान क्षेत्र चौकोनांच्या संख्येत विचारले जाते. ३० मीटरचा एक चौकोन म्हणजे ९०० चौरस मीटर, तेव्हा १०० चौकोन म्हणजे ९ हेक्टर. एवढी लहान मर्यादा ठेवली तर प्रत्येक ओघळ ओढा होऊन नकाशा भरून जातो. गावाच्या कामाला ३०० ते ५०० पासून सुरुवात करावी आणि टोपोशीटवरील ओढ्यांशी ताडत आकडा बदलावा.

वरच्या चौकोनांचे पाणी मोजणाऱ्या पहिल्या थरात उणे आकडे दिसले तर घाबरू नये. तुम्ही घेतलेल्या तुकड्याच्या बाहेरूनही तिथे पाणी येत असावे, असा त्यांचा अर्थ आहे. म्हणजे डीईएम कमी पडला. मोठा तुकडा घेऊन पुन्हा करावे.

आता एखाद्या बांधाच्या जागेचे पाणलोट क्षेत्र हवे असेल तर 'आर.वॉटर.आउटलेट' या साधनाला प्रवाहदिशेचा थर आणि त्या जागेचे निर्देशांक द्यावेत. बिंदू नेमका ओढ्याच्या चौकोनावर पडला पाहिजे. एक चौकोन बाजूला पडला, तर चारशे हेक्टरऐवजी एखाद्या वावराएवढे पाणलोट मिळते. क्षेत्र संशयास्पद लहान आले की बिंदू सरकवून पाहावा.

क्षेत्र हाती आले की साधे गणित करता येते. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी. १,००० हेक्टर पाणलोटावर ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर ५,००० टीसीएम (हजार घनमीटर), म्हणजे ५०० कोटी लिटर पाणी पडते. हा आकडा सभेत सांगताना तो 'पडलेल्या' पाण्याचा आहे, 'मिळालेल्या' नव्हे, हे त्याच वाक्यात सांगावे. त्यातले बरेचसे बाष्प होऊन किंवा वाहून जाते, आणि किती मुरते हे खडक ठरवतो. राज्याचा बहुतांश भाग बेसॉल्टचा आहे. मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र, खडकात व भेगांत पाणी साठते, घट्ट काळ्या पाषाणात नाही. म्हणून शेजारीशेजारी घेतलेल्या दोन बोअरपैकी एकाला पाणी लागते आणि दुसरी कोरडी जाते. डीईएमला खडक दिसत नाही. बांधाची जागा ठरवण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील भूवैज्ञानिकाचे मत घ्यावेच.

८. उपग्रह प्रतिमेतून उन्हाळ्याची हिरवाई पाहा

सेंटिनेल-२ मालिकेतील पहिला उपग्रह २०१५ मध्ये सोडण्यात आला. या मालिकेचे विभेदन १० मीटर आहे आणि दर पाच दिवसांच्या सुमारास तीच जागा पुन्हा टिपली जाते. पावसाळ्यातल्या प्रतिमा ढगांमुळे वाया जातात. ऑक्टोबरअखेर, जानेवारी आणि एप्रिल अशा तीन पुरेत. 'लेव्हल २ए' प्रकारची, म्हणजे हवेचा परिणाम काढून टाकलेली, प्रतिमा घ्यावी आणि रास्टर कॅल्क्युलेटर या चौकोनवार गणित करणाऱ्या साधनात प्रकाशाच्या आठव्या पट्ट्यातून (बँड ८) चौथा (बँड ४) वजा करून त्यांच्या बेरजेने भागावे. हा वनस्पती निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय. आकडा जितका १ च्या जवळ, तितकी हिरवाई दाट.

एप्रिलची प्रतिमा फार बोलकी असते. जिरायती शिवार तेव्हा उघडे पडलेले असते आणि जिथे उपसा चालू आहे तेवढेच तुकडे हिरवे दिसतात. हे तुकडे आणि टँकर लागणाऱ्या वाड्या एकाच नकाशावर मांडल्या की गावात पाणी नाही की पाण्याची वाटणी विषम आहे, हा प्रश्न कोणी न विचारताच पुढे येतो. पण निष्कर्षाची घाई नको. ओढ्याकाठची वेडी बाभूळही त्या प्रतिमेत हिरवीच दिसते, आणि ठिबकवरची विरळ डाळिंबाची बाग फिकट दिसते. प्रत्येक मोठ्या हिरव्या तुकड्यापाशी एकदा जाऊन यावे. १० मीटरच्या प्रतिमेत ३० बाय ३० मीटरचे शेततळे जेमतेम नऊ चौकोनांत उमटते. विहीर तर दिसणारच नाही.

९. वाडी आणि पाणी यांतील अंतर मोजा

'बफर' साधनाने प्रत्येक सार्वजनिक स्रोताभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढून कोणत्या वाड्या बाहेर राहतात हे पाहणे सोपे आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास १९९३ च्या राज्य कायद्याने निर्बंध घातला होता, तेव्हापासून हे अंतर गावकऱ्यांच्याही परिचयाचे आहे. मात्र वर्तुळ सरळ रेषेत मोजते आणि माणसे पायवाटेने चालतात. क्यूफील्डमध्ये पायवाटेचा माग नोंदवून तीच लांबी धरावी, आणि डीईएमवरून तिचा चढ काढावा. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या जुन्या केंद्रीय निकषात सपाटीवर १.६ किलोमीटर किंवा डोंगरी भागात १०० मीटर उंचीचा फरक, असे दोन्ही होते. म्हणजे चढाची दखल सरकारी कागदानेही घेतली होती. डोंगरकुशीतल्या धनगरवाड्या, ठाकरवाड्या नकाशावर विहिरीच्या अगदी जवळ दिसतात, आणि भरला हंडा घेऊन वर चढताना तेच अंतर कितीतरी पटींनी वाढते.

नळयोजना झालेली वाडी 'पाणी आहे' या रंगात रंगवण्यापूर्वी नळाला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत येते हे विचारावे. ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जल जीवन मिशनचा निकष माणशी दररोज ५५ लिटरचा आहे. नळजोडणी असणे आणि हे पाणी मिळणे यांसाठी दोन वेगळे रकाने ठेवावेत.

मालकांची नावे, फोन क्रमांक आणि कोणत्या घराला कोणत्या विहिरीवर पाणी मिळत नाही यासारखी माहिती छापील नकाशावर येऊ देऊ नये. ती वेगळ्या तक्त्यात, मोजक्या माणसांकडे राहावी. गावातल्या पाण्याला जातीचा इतिहास आहे आणि नकाशा टांगून झाल्यावर तो कोण वाचेल यावर तुमचे नियंत्रण नसते.

१०. नकाशा छापा आणि दुरुस्त करून घ्या

प्रिंट लेआउटमध्ये प्रमाणपट्टी, उत्तर दिशा, खुणांची सूची आणि माहितीची तारीख एवढे असावेच. तारीख वगळू नये. मार्चच्या पातळ्यांचा नकाशा ऑक्टोबरात दाखवला तर सभा हसते. रंग चारपेक्षा अधिक नकोत. पीडीएफ काढताना अक्षरे 'पाथ' म्हणून निर्यात करण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर छापखान्याच्या संगणकावर जोडाक्षरे तुटतात. तालुक्याच्या गावी फ्लेक्स छापणाऱ्याकडे मोठ्या आकारात छापून घेणे स्वस्त पडते आणि तो पावसातही टिकतो.

पहिली प्रत फ्लेक्सवर छापू नये. ती कागदावर काढावी, चावडीत किंवा शाळेत जमिनीवर पसरावी आणि लोकांच्या हातात लाल पेन द्यावे. कागद भिंतीवर लावला की माणसे लांबून बघतात. जमिनीवर असला की वाकून, बोट ठेवून बोलतात. ओढ्याचे नाव चुकले आहे, ही विहीर बुजवली आहे, हा पाझर तलाव कागदावरच आहे, अशा दुरुस्त्या तासाभरात निघतात. त्या सर्व थरांत भरूनच २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर यांपैकी जवळच्या ग्रामसभेसाठी अंतिम प्रत तयार करावी, आणि मूळ जिओपॅकेज व प्रकल्पाची फाइल पेनड्राइव्हवर ग्रामपंचायतीच्या दप्तरी द्यावी.

यानंतर काम उरते ते पातळ्यांचे. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. तुम्हीही तेच महिने धरले तर तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. सगळ्या विहिरी दर वेळी मोजण्याची गरज नाही; माथ्यावरच्या, मधल्या आणि पायथ्याच्या प्रत्येकी दोन-तीन निवडाव्यात आणि त्यांवर रंगाची खूण पुसट होऊ देऊ नये.